संध्याकाळचा निळा

“दादा, तुम्हीच सांगा आता. निळा बरोबर आलाय का?” साडूने खुर्ची वळवून रसायनतज्ज्ञाला विचारले.

पडद्यावर जुन्या चित्रपटातली संध्याकाळ थबकली होती : संथ पाणी, एक नाव, आणि नावेच्या काठावर हात टेकून बसलेली नायिका. मागच्या खुर्चीत दिग्दर्शकाची मुलगी होती.

“बाबा गेले, कॅमेरामनकाका गेले,” ती म्हणाली. “हा रंग मुळात कसा होता, ते माहीत असलेले तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही म्हणाल तेच कायम करू.”

रसायनतज्ज्ञाने चष्मा सारखा केला. त्याची सारी हयात फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत, टाक्यांपाशी गेली होती. हे दृश्य अपुऱ्या उजेडात चित्रित होऊन आले, तेव्हा सर्वांनी त्यावर पाणी सोडले होते. त्याने मात्र द्रावणाची तीव्रता आणि तापमान बदलत, चाचणीच्या तुकड्यांमागून तुकडे धुऊन, कित्येक दिवसांनी तो निळा सावरला. पुढे उरलेली एकुलती प्रत तांबूस पडली, टाक्या भंगारात गेल्या. आणि ज्याला त्याने स्वतः प्रयोगशाळेत चिकटवले होते, तो साडू संगणक शिकून जुन्या चित्रपटांना रंग परत देऊ लागला. परवा वर्तमानपत्रात साडूचे छायाचित्र आले, तेव्हा बायको म्हणाली होती, “बघा, भाऊजींनी कसं नाव काढलं! तुमचं आपलं सगळं आयुष्य पाण्यात.”

मत्सर आंधळा असतो म्हणतात. ते तितकेसे खरे नव्हे. त्याची नजर मुरलेल्या परीक्षकासारखी असते. रसायनतज्ज्ञाने चित्राचा कोपरा न् कोपरा तपासला. बोट ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळ जशीच्या तशी होती, आणि नेमके तेच त्याला सोसवेना.

“जास्त झालाय,” तो म्हणाला. “एवढा निळा नव्हता.”

“बघा! म्हणूनच तुम्हाला बोलावलं. मी आपला यालाच कवटाळून बसलो असतो.”

साडूच्या स्वरात कपटाचा लवलेश नव्हता. त्यामुळे ते अधिकच झोंबले. साडूने समोरची, रंग कमी-जास्त करायची चकती फिरवली. पाणी मातकट झाले. आणखी फिरवली, तशी नायिकेच्या चेहऱ्यावर दुपार चढली.

“छान,” मुलगी म्हणाली. “मग हेच कायम करा.”

रसायनतज्ज्ञ पडद्याकडे पाहत राहिला. साडूचे यात काहीच गेले नव्हते. पुसली गेली होती ती त्याची स्वतःची संध्याकाळ; आणि यापुढे ती पाहणारा प्रत्येक जण हीच दुपार खरी मानणार होता.

“थांब,” तो म्हणाला. “होतं तसं कर.”

“आँ? अहो, आत्ताच तर तुम्ही—”

“मगाचंच बरोबर होतं. तू बरोबर आणलंस, ते मला बघवलं नाही.”

मुलगी चमकून वळली. साडू हसला. “तुम्हाला बघवलं नाही? मग पास झालो म्हणायचं, दादा!”

त्याने एका बोटाने एक कळ दाबली. संध्याकाळ परत आली. नायिकेच्या गालावरचा शेवटचा उजेड निळ्यात बुडाला. रसायनतज्ज्ञाने मान डोलावली. टाकीत हात घालण्यापूर्वी दुमडाव्यात तशा आपण केव्हातरी बाह्या दुमडल्या आहेत, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. त्याने त्या सावकाश खाली ओढल्या आणि मनगटावरची बटणे लावली.