पाहुणीने उचललेली चकती

मी टकळीची चकती बोलतेय, आणि काही प्रेमाने वगैरे बोलत नाहीये. लगेच "अय्या, किती छोटीशी!" करू नका. त्या अय्यानेच माझा घात केला.

सात-आठशे वर्षांपूर्वी अरबी वाळवंटातल्या इब्री गावाकडच्या कुणा बाईने मला मऊ काळ्या दगडातून घासून काढलं आणि बरोब्बर मधोमध भोक पाडलं. पुढे मी वाळूत पडून राहिले. तिथल्याच उम्म सालिम या म्हातारीच्या आजीला शेळ्या चारताना सापडले. तिने मला काठीवर बसवून गिरकी दिली. अहाहा, काय फिरले मी! तेव्हापासून त्या घरची लोकर माझ्याच जोरावर कातली जायची.

यंदा उम्म सालिम नातीच्या लग्नाच्या सतरंजीसाठी धागा काढत होती. डोळे गेलेत तिचे. माझं वजन हाताला पाठ, म्हणून जमायचं.

एका शुक्रवारी शेजारचा दुकानदार जहूर, मूळचा रत्नागिरीचा, शहरातल्या कुरुम भागातून आलेल्या नूतन-आशुतोष या जोडप्याला तिच्याकडे घेऊन आला. कहवा झाला, खजूर झाले. नूतनचं लक्ष माझ्याकडे गेलं. "जहूरभाई, सांगा ना त्यांना, हे कसलं गोड आहे!"

जहूरने सांगितलं. उम्म सालिमने मला काठीवरून काढून पुढे केलं. "तुझंच आहे."

पाहुण्याने कौतुक केलं की वस्तू पुढे करायची, आणि पाहुण्याने छातीवर हात ठेवून "नको, तुमच्याकडेच शोभते" म्हणायचं, ही इथली रीत. शेंबडं पोरही जाणतं. आणि या बयेने? "थँक यू सो मच!" म्हणत मला पर्समध्ये टाकलं. जहूर मान खाली घालून बसला.

घरी आशुतोषने ड्रिलने माझ्या कडेला दुसरं भोक पाडलं. का, तर गाडीच्या किल्लीला सरळ लोंबावी! "मस्त दिसतेय," म्हणाला. माझ्या अंगाची आग झाली.

तिकडे सतरंजी अडली. जहूरला बघवेना, शेवटी त्याने फोन केला. "ताई, ती नुसती म्हणायची रीत असते हो. घ्यायचं नसतं."

नूतन रडवेली होऊन मला परत घेऊन आली. "सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं." माहीत नव्हतं म्हणे! विचारायला तोंड नव्हतं?

उम्म सालिमने मला चाचपलं. कडेच्या भोकाशी तिचं बोट थांबलं. तरी तिने मला काठीवर बसवून गिरकी दिली. मी जीव तोडून फिरायला गेले आणि त्या भोकापायी तोल जाऊन लंगडले. धागा तटकन तुटला. पुन्हा दिली, पुन्हा तुटला.

तिने मला काढून नूतनच्या हातावर ठेवलं. "तुझंच आहे."

"ताई, नको म्हणा!" जहूर घाईने म्हणाला.

नूतनने छातीवर हात ठेवला. "नको, तुमच्याकडेच शोभते." पण उम्म सालिमने तिची मूठ मिटवली. या वेळी ती रीत म्हणून बोलत नव्हती.

लग्नात बाजारची सतरंजी अंथरली.

तेव्हा बाबांनो, कुणाच्या घरची वस्तू आवडली तर आधी विचारा, की तिचं तुम्ही करता काय? मी आता किल्लीला लटकते. प्रत्येक वळणावर आशुतोषच्या गुडघ्याला टोला हाणते. "आई गं!" म्हणतो तो. म्हणू दे.