एकविसावा दिवा

खाणीच्या ऑफिसात इंजिनिअर नव्या कॉम्प्युटरच्या कर्नलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, मर्यादा ठरवत बसला होता. काम कंटाळवाणं, पण चुकलं तर निस्तरताना नाकी नऊ आणणारं. खाली बोगद्यांतलं प्रत्येक गॅसमापक आपापल्या मल्टिकास्ट गटावर, नेटवर्कवरच्या जणू स्वतःच्या रेडिओ स्टेशनवर, आकडे सांगत राहतं. ज्याला ऐकायचं असेल त्याने त्या गटात नाव घालायचं. ऐकणाऱ्या प्रोग्रॅमला किती गटांत नाव घालू द्यायचं, ते कर्नल ठरवतो. कोणी हात लावला नाही तर वीस.

"सध्या चालू आहे त्या जुन्यावर किती ठेवलेत?" शेजारच्या टेस्टरबाईंनी विचारलं.

"आले तसेच. वीस काय कमी आहेत?"

"अहो, नवा बोगदा धरून मापकं एकवीस झाली की!"

त्याने हातातलं काम सोडलं. एकविसाव्या गटाला कर्नलने नकार दिला असणार, आणि त्याच्याच प्रोग्रॅमने तो मुकाट गिळला असणार. पडद्यावर दर मापकाचा एक दिवा; ते दिवे तर त्यानेच आधीपासून हिरवे ठेवले होते, वाईट आकडा येईपर्यंत हिरवे. पडदा छान दिसावा म्हणून, दुसरं काय! आणि आज नव्या बोगद्यात दाजी होते, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

त्याने कंट्रोल रूमला फोन लावला. "नव्या बोगद्यातली माणसं वर काढा. आत्ताच्या आत्ता."

"का? हिरवा आहे की," ऑपरेटर म्हणाला.

"तो दिवा बहिरा आहे! त्याला खालचं काही ऐकूच येत नाहीये."

"साहेब, लाल दिसल्याशिवाय काम थांबवलं तर वरचे मला उभा सोलतील."

हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. त्याने जुन्या कॉम्प्युटरवर विसाचे शंभर केले आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. एका ओळीचं काम, मेलं! एकविसावा दिवा आला तो लालभडकच. भोंगा वाजला. बाकीच्या बोगद्यांतली माणसं धापा टाकत वर आली. नव्या बोगद्यातलं कोणीच आलं नाही.

भोंगा ऐकून बहीण तडक त्याच्या खोलीत येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"दादा, हा दिवा कधीपासून लाल आहे?"

खोटं सांगता आलं असतं. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"मी ऐकायला लागल्यापासून," तो म्हणाला.