म्हातारीला बसवलेला दांडा

आमची म्हातारी म्हणजे होडी. आईला कुणी म्हातारी म्हणून बघावं, त्या दिवशी त्याला जेवायला मिळणार नाही. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मध्ये आडव्या तुळया आणि जाळी, अशी ही शिडाची कॅटमरान बाबांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधली. दोन डगरींवर पाय ठेवून सुखी झालेली ही एकटीच, असं दादा म्हणतो.

पण वारा पडला की ती जागची हलत नाही, आणि पुढचं जड शीड ओढणं बाबांना आता झेपत नाही. दादानं सांगूनच टाकलं, "हंगाम संपला की विकू. उद्या काही झालं तर निस्तरायला मीच." होडी गेल्यावर बाबा दिवसभर खिडकीत बसून काय करणार, हे त्याला सुचलंच नाही. मला सुचलं आणि माझी झोप उडाली.

मी उपाय काढला. होडीच्या पुढे लांब दांडा बसवायचा, त्याच्या टोकाला मोठं पण हलकं शीड. एक दोरी ओढली की शीड चटईसारखं गुंडाळलं जातं. "नाकापेक्षा मोती जड," दादा म्हणाला. "पण बसव. एकदा नीट जाऊन नीट परत आलात, तर विकायचं नाव काढणार नाही."

एका मोडक्या बोटीच्या डोलकाठीचा नळा मिळाला. त्याचं बूड पुढच्या तुळईवर बसवलं. शिडाच्या ओढीनं टोक वर उचललं जाऊ नये म्हणून तिथून दोन्ही बाजूंना तारा खाली ताणायच्या होत्या. मी मोजपट्टीनं मोजायची, बाबा वितीनं.

"बाबा, पट्टी घ्या ना."

"पट्टी हरवते. वीत हरवत नाही."

व्हायचं तेच झालं. त्यांनी कापलेली तार आखूड निघाली. माझं डोकं फिरलं. "हेका सोडाल तर शपथ," असं मी काय काय बोलले. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस नुसता तारेवरून अंगठा फिरवत राहिला. मी नवी तार कापली.

पहिल्या फेरीला वारा जेमतेम होता, तरी म्हातारी निघाली. सुकाणूवर बाबा स्वतःशीच हसत होते. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परतताना धक्क्यावर दादा हाताची घडी घालून उभा. होडीचं नाक धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबवायचं, ही बाबांची जुनी ऐट. पण आता नाकापुढे दांडा होता, म्हणून त्याच्या टोकाला मी लाल फडकं बांधलं होतं. धक्का जवळ आला.

"अगं, फडकं बांधलंस ना?" बाबांनी विचारलं.

टॉवेलएवढं फडकं त्यांच्या समोर फडफडत होतं. वीत, पट्टी, आखूड तार, सगळं एकदम कळलं. मी सुकाणू हिसकून वळवलं. दांडा दादाच्या छातीजवळून गेला आणि होडी धक्क्याच्या टायरांवर आदळली.

"काय झालं?" दादाचा चेहरा उतरला होता.

"माझा अंदाज चुकला."

"तिचा नाही," बाबा म्हणाले. "मला टोक दिसत नाही. बरेच दिवस झाले. इतके दिवस सवयीवर थांबवत होतो."

बाबा पायांनी जाळी चाचपत पुढे गेले, दांड्याच्या बुडाशी बसले आणि शीड गुंडाळायची दोरी हातात घेतली. "हे बोटांनी होतं," ते म्हणाले. "सुकाणू ती धरेल. आता विकायची तर वीक."

दादानं दांड्याचं टोक हातात धरलं. मग त्यानं फडकं सोडून माझ्याकडे फेकलं.

"हे नको आता. तुला टोक दिसतं ना?"

"दिसतं."

"मग नीट परत या," म्हणत त्यानं आम्हाला धक्क्यापासून ढकललं. पुढे बाबांनी दोरी सैल सोडली.