दुसऱ्या कडीला कोण?

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. पत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर छपरावरचा, वाऱ्याने खडखडणारा पातळ पत्रा आला असेल. तो मी नव्हे. मी चांगला जाडजूड आहे. माझ्या अंगावर पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी आहे, आणि मला एकट्याने उचलायला गेलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा तो विचार करत नाही.

माझा मुक्काम मालवाहतुकीच्या एका गोदामात आहे. गोदामाला छातीएवढा उंच ओटा आहे. ट्रक पाठमोरा येऊन ओट्याला लागतो, पण कितीही नेटका लावला तरी मध्ये फट राहतेच. त्या फटीवर मला आडवे टाकतात. मग माझ्या अंगावरून भरलेल्या हातगाड्या ट्रकमध्ये जातात आणि रिकाम्या होऊन परत येतात. ट्रक भरला की मला उचलून बाजूला घेतात. त्याशिवाय ट्रकला हलता येत नाही.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. एका मोठ्या पत्र्यातून मला कापून काढले. उरलेल्या तुकड्यातून माझा सख्खा भाऊ निघाला आणि गटारावरचे झाकण झाला, त्यामुळे घराण्याचा फारसा तोरा मी मिरवत नाही. वेल्डरने माझ्या दोन्ही टोकांना धरायला एकेक कडी जोडली. "दोन माणसांचं काम आहे हे," असे त्याने गोदामाच्या मालकाला बजावले. मालकाने मान हलवली आणि मला टेम्पोत घातले.

पहिली कितीतरी वर्षे माझ्या एका कडीला पैलवान असे. हे त्याचे टोपणनाव. अंगाने तो अगदी काडी पैलवान, म्हणून हमालांनी चिडवायला ते ठेवले आणि ते असे चिकटले की पुढे त्याची बायकोही फाटकात येऊन "पैलवान आहेत का?" असेच विचारू लागली. दुसऱ्या कडीला त्याचा मेव्हणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. तो अंगाने आडवा होता आणि तोंडाने त्याहून आडवा.

"दाजी, तुमची बाजू सारखी खाली का जाते?"

"तुझ्या बहिणीला विचार. डबा तीच भरते."

अशी थट्टा करत ते मला उचलत आणि अलगद फटीवर ठेवत. अलगद हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. पैलवान आधी ओट्याची कड पायाने झाडून घेई, कारण खाली खडा राहिला तर मी डुगडुगतो. पावसात मी ओला झालो की पोत्याने पुसून काढी. मालक एकदा पाहुण्यांना गोदाम दाखवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्यावर बूट आपटून सांगितले, "इतकी वर्षं झाली, पण जागचा हलत नाही." मी फुशारून गेलो. खरे तर ते श्रेय पैलवानाचे होते, पण त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

मेव्हणा एखाद्या दिवशी आला नाही तरी माझे अडत नसे. ट्रकचा ड्रायव्हर आपणहून खाली उतरे आणि दुसरी कडी धरी. ते त्याचे काम नव्हते. पण उचलायला आणखी एक माणूस लागतो आणि आपण रिकामे आहोत, एवढे त्याला पुरेसे वाटे. या ड्रायव्हरांत गवई सगळ्यांत पुढे. गाडी मागे घेताना तो मोठमोठ्याने गायचा. आवाज असा की ओट्यावरची कबुतरे उडून जात, आणि हमाल म्हणत, "आले गवई, कान झाका." पैलवानाची आणि त्याची गट्टी होती. गवई आठवडाभर रस्त्यावर असे आणि आठवड्यातून एकच रात्र घरी झोपे. त्या दिवशी पैलवान त्याचा ट्रक जरा लवकर भरून देई. बाकीचे ड्रायव्हरही कुरकुर करत नसत, कारण प्रत्येकाचा असा दिवस कधी ना कधी येई.

मग मालकांचे वय झाले आणि कारभार नव्या साहेबाच्या हाती आला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने ओट्याच्या भिंतीवर संगणकाचा एक मोठा पडदा लावला. कोणता ट्रक कधी लागणार, किती वेळात भरणार, हे त्यावर आधीच ठरलेले असे. वेळ चुकली तर ट्रक आपोआप रांगेच्या शेवटी जाई. कागदावर हे फार छान होते. पण रस्ते कागदावर नसतात. कुठे पूल बंद, कुठे अपघात. सकाळी ओटा रिकामा आणि दुपारी ट्रकांची झुंबड, असे रोजचेच झाले. हमालांची जेवणाची सुटी त्या झुंबडीत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून भंडावून सोडत आणि हमाल मुद्दाम पाठ फिरवून उभे राहत.

आणि माणसे जाऊ लागली. एक हमाल फर्निचरच्या दुकानात गेला, एकाने रिक्षा घेतली. साहेब फोनवर सारखा म्हणे, "माणसं टिकत नाहीत हो." ती का टिकत नाहीत, हे विचारायला तो चार पावले चालून ओट्यावर मात्र आला नाही. ठेकेदार नवी माणसे पाठवी. त्यांची तोंडे मला ओळखीची होण्याआधीच ती निघून जात. त्यांना खडा झाडायचा हेही माहीत नसे. शेवटी मेव्हण्यानेही काढता पाय घेतला. त्याला एका इमारतीत राखणदाराची नोकरी मिळाली.

"दाजी, तुम्हीपण चला. बसून पगार आहे," तो म्हणाला.

"आणि इथं कोण?"

"इथं तुमच्यावाचून काय अडलंय?"

पैलवान ओट्याची कड पायाने झाडू लागला. पण त्या दिवसापासून मला धास्ती लागली. ओट्यावर जुने असे दोघेच उरलो होतो, तो आणि मी. तो गेला तर मला सांभाळणारा कोणीच राहणार नव्हता. रोज सकाळी त्याची पावले ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

अशातच एका दुपारी मोठे भांडण झाले. एका ड्रायव्हरला बराच वेळ ताटकळत ठेवले म्हणून तो हमालांना वाटेल ते बोलला. शब्दाने शब्द वाढला. संध्याकाळी ओट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर जमले आणि त्यांनी ठरवून टाकले की यापुढे आपण खाली उतरायचे नाही. गाडी चालवणे हे आपले काम, पत्रा उचलणे हमालांचे. गवई तिथे होता. त्यानेही नाही म्हटले नाही.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगतो. सांगताना आजही अंगावर गंज चढल्यासारखे होते.

तो गवईचा घरी जायचा दिवस होता. वाटेत रस्ता अडला आणि त्याला पोचायला थोडा उशीर झाला. पडद्याने त्याचा ट्रक शेवटी टाकला. तो धावतच पैलवानाकडे आला.

"पैलवान, आज तेवढं सांभाळून घे. पोरीचा पहिला दात पडलाय. डबीत ठेवलाय म्हणे, मी आल्याशिवाय कुणाला दाखवत नाही. रात्री उशीर झाला की झोपून जाते ती. सकाळी तर मी परत रस्त्यावर."

पैलवान सकाळपासून न जेवता गाड्या ओढत होता. त्याच्यासोबत ठेकेदाराचा एकच माणूस होता, तोही कालच आलेला. रांगेतले इतर ड्रायव्हर काचा खाली करून बघत होते. पैलवानाला नाही म्हणायचे नव्हते, असे मला आजही वाटते. पण तो दुखावलेला होता.

"त्या पडद्याला विचार," तो म्हणाला. "ज्याचं काम त्यानं करावं, असं तुम्हीच ठरवलंत ना? मग माझं काम रांगेनं ट्रक भरायचं."

गवईचा चेहरा पडला. तो मागे वळला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. त्याच्या ट्रकची पाळी आली तेव्हा ऊन उतरले होते. ट्रक मागे आला, पण गाणे काही ऐकू आले नाही.

ट्रक अर्धा भरला असताना ठेकेदाराचा माणूस "पाणी पिऊन येतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच. उरलेला माल पैलवानाने एकट्याने चढवला. माझ्यावरून जाताना तो दर फेरीला थांबून हातगाडीला टेकत होता. शेवटची हातगाडी रिकामी झाली. आता मला उचलायचे राहिले होते. पैलवानाने इकडेतिकडे पाहिले. दुसऱ्या कडीला कोणी नव्हते.

मग त्याने हाक मारली. इतक्या वर्षांत मी ती हाक कधी ऐकली नव्हती, कारण मारायची वेळच कधी आली नव्हती.

"गवया, जरा हात दे रे!"

ट्रकच्या बाजूच्या आरशात गवईचे डोळे दिसत होते. त्याने पैलवानाला पाहिले. मला पाहिले. आणि त्याने काच वर केली.

पैलवान वाकला आणि एक कडी धरून मला ओढू लागला. माझी दुसरी कड ट्रकच्या काठात अडकली होती. त्याने जोर लावला. मी सुटलो, त्याच्या हातातून निसटलो आणि त्याच्या पायावर पडलो. त्याच्या पायात कापडी बूट होते. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. त्या क्षणी मला कापूस व्हायचे होते, पण तसे काही होता येत नाही.

त्याच्या किंकाळीने गवई दार उघडून धावला. त्याने एका कडीला हात घातला आणि मला एकट्याने उचलून भिरकावून दिले. एवढी ताकद त्याच्यात कुठून आली कोण जाणे. "पैलवान, अरे पैलवान," एवढेच तो म्हणत होता. साहेबही धावत आला. त्याने आपल्या गाडीत घालून पैलवानाला दवाखान्यात नेले. जाताना तो गवईला म्हणाला, "माल वेळेत पोचला पाहिजे. तू थांबून काय करणार? निघ तू."

गवई बराच वेळ ओट्यावर उभा होता. मग तो निघाला.

पैलवानाच्या पायाची हाडे मोडली. ती जुळली, पण वाकडी. आता तो काठी घेऊन चालतो आणि ओझे उचलू शकत नाही. ओट्यावर तो पुन्हा आला नाही. हे मला कळले ते गवईमुळे. महिन्याभराने एकदा तो माझ्याजवळ ओट्याच्या काठावर बसून गोदामाच्या वॉचमनशी बोलत होता.

"त्याच्या घरी गेलो होतो," गवई म्हणाला. "वहिनींनी पाणी दिलं. बोलल्या नाहीत. तो पाय वर ठेवून बसला होता. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या दिवशी वेळेवर पोचलास ना रे? पोरगी जागी होती का?"

वॉचमन त्याच्याकडे वळला.

"आणि होती रे जागी," गवई म्हणाला. "खोटं कसं सांगू? दात दाखवला तिनं. मी हो म्हणालो. तर तो म्हणतो, बरं झालं. मनापासून म्हणाला."

एवढे बोलून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. वॉचमन त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

आता मी म्हातारा झालो आहे. मधोमध वाकलो आहे आणि माझी नक्षी झिजली आहे. रोज नवी माणसे येतात आणि मला साखळीने फरफटत नेतात. त्यांना दोष देऊन काय करू? त्यांना कोणी शिकवलेच नाही आणि शिकवणारा राहिला नाही. साहेब अजून फोनवर तेच बोलतो. पडदा अजून लागलेलाच आहे. गवईचा ट्रक आला की मात्र तो खाली उतरतो. बाकीचे ड्रायव्हर टोमणे मारतात, पण तो लक्ष देत नाही. तो येऊन माझी एक कडी धरतो आणि समोरच्या बाजूला कोणीतरी येईपर्यंत वाकून तसाच थांबतो. कधी लवकर कोणी येते, कधी येत नाही.

मित्रांनो, तुमचेही कोणाशी भांडण असेल, अबोला असेल. कदाचित चूक त्याचीच असेल. तरीही तो ओझ्याखाली वाकलेला दिसला आणि त्याने हाक मारली, तर आधी उठून जा आणि हात लावा. ओझे खाली ठेवले की मग खुशाल भांडा, हवे तितके भांडा. पण त्या वेळी काच वर करू नका. काच वर करायला गवईला क्षणभरच लागला होता, आणि तेव्हापासून तो दर वेळी ट्रकमधून खाली उतरतो आहे.