चौथा हरिचंद्र

"हरिचंद्राऽ… येतोस ना रे?"

बेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलेली ती हाक बकुळाआत्याच्या कानात अजून तशीच होती. ताट वाढून झाल्यावर माय अंगणातल्या लेकराला बोलावते तशी. मऊ, जरासुद्धा घाई नसलेली. आत्याने मान झटकली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलेला फ्लेक्स दोन्ही हातांनी खाली ओढला.

पाणी खुराड्यापासून हातभर राहिलं होतं. उल्हास नदी सकाळपासून बदलापूरच्या मांजर्लीत चढत होती. भोईरांचं घर जुन्या गावठाणात, उंचवट्यावर, म्हणून ओटा अजून कोरडा होता. खाली नव्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले होते, आणि भरदुपारी दिवा लावावा असा अंधार पडला होता.

फ्लेक्सची घडी उलगडली आणि आत्याचा हात थांबला.

माघात झालेल्या सत्काराचा तो फ्लेक्स. 'एक नाव, चार मानकरी.' ग्रंथालयाच्या मंडळींनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पालथं घालून चार हरिचंद्र भोईर शोधून काढले होते. एकमेकांच्या ना नात्यातले, ना गोत्यातले. पहिले जांभूळ गावचे पैलवान, ज्यांची पाठ मातीने कधी पाहिली नाही. दुसरे अंबरनाथचे भजनीबुवा. तिसरे उल्हासनगरात गणित शिकवणारे मास्तर, ज्यांचे विद्यार्थी आज मोठमोठ्या जागी बसलेत. आणि चौथा आत्याचा भाचा हरी, मागच्या पुरात एकट्याच्या होडीतून सदतीस माणसं काढणारा.

छापणाऱ्याने पहिलं नाव एकदाच लिहून चारदा चिकटवलं, तेव्हा त्याच्या पुढचं 'कै.'सुद्धा चारदा आलं. कार्यक्रमाच्या सकाळी कुणाच्या तरी ध्यानात आलं, आणि घाईघाईने चौथ्यावर पांढरी पट्टी चिकटवली गेली. सगळे हसले. हरीही हसला होता, "चला, आयुष्य वाढलं!"

आज पावसाने ती पट्टी सुटली होती.

आत्याने ते 'कै.' तळव्याने झाकलं. मग मागे वळून पाहिलं. उंबऱ्याच्या आत, पाटावर, पाय वर घेऊन हरी बसला होता. त्याची नजर फ्लेक्सवरच होती.

"कवा बघितलास?"

"सकाळीच." तो म्हणाला. "आत्ये, तिघंपन बेचाळिसाव्या वर्षी गेले. माझंपन तेच चालू हाय. त्या दिवशी स्टेजवर वाचून दाखवलं, तवा माझं ध्यान नव्हतं. हारच जड होता."

आत्याला ते स्टेजवरून ऐकायची गरज नव्हती. पैलवान जेवत्या ताटावरून "आलो" म्हणून उठले, ते नदीकाठी सापडले. बुवांनी चालत्या अभंगात टाळ खाली ठेवले, मांडवाबाहेर बघून "आलो, आलो" म्हणाले आणि निघून गेले. मास्तरांच्या फळ्यावर अर्धं गणित राहिलं. पोरं सांगत, सर दाराकडे बघून हसले होते. तिघांचेही कपडे कोरडे होते. काठावर, पाण्यापासून चार पावलं अलीकडे, झोपल्यासारखे.

अशा गोष्टी गावात मोठ्याने कोणी बोलत नाही. पाण्यावर आणि चुलीपाशी मात्र बाया बोलतात.

स्वप्नाली साडीचा ओचा वर खोचून गुडघाभर पाण्यातून आली. हरीची बायको. माहेर उल्हासनगरचं, पाच नंबर कॅम्पातलं; बोलणं सरळ फटकन.

"अहो, तुम्ही अजून बसलायत? खालच्या सोसायटीतल्या राजरत्नचा फोन आला परत. त्याच्या बायकोला, मैत्रेयीला, कळा सुरू झाल्यात. जिन्यावर पाणी आलंय, पहिल्या मजल्यावर अडकलेत दोघं. सरकारी बोट पुलापलीकडं आहे, येईल तेव्हा येईल."

हरीने पाय आणखी जवळ घेतले.

"ऐकताय काय? आठवा महिना पण पुरा नाही तिचा!"

"होडीला भोक हाय."

"खोटं. काल मी स्वतः बघितली." ती थांबली. "सदतीस माणसं काढली म्हणून शाल घेतली, नारळ घेतला. आणि आज उंबरा ओलांडवत नाही? टेन्शन कसलं घेतलंय त्या चिकटपट्टीचं! छापणारा गाढव होता, बास."

"चिकटपट्टीचं नाय गं."

"मग?"

हरी हळू आवाजात म्हणाला, "सकाळधरनं कोनतरी हाक मारतंय. नदीकडनं. दोनदा मारली."

स्वप्नाली आत्याकडे बघायला लागली, थोडी हसत, थोडी घाबरत. "आत्या, तुम्हीच सांगा ना यांना. पूर आलाय, लोक ओरडणारच."

आत्याने ओट्याच्या खांबाला हात टेकला. दोन्ही हाका तिनेही ऐकल्या होत्या. पहिली चूल पेटवताना. दुसरी खुराड्याकडे येताना. आवाज म्हातारा झाला नव्हता.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. भावाच्या पहिल्या लेकाचं बारसं. पैलवानांना जाऊन सहा महिने झाले होते आणि भावाने हट्ट धरला होता, पोराचं नाव तेच, हरिचंद्र; असा मर्द परत व्हायला पाहिजे. घरातल्या चौघांना नाव ठाऊक होतं, पाचव्याला नाही. बारशाच्या सकाळी ती नदीवर तांदूळ धुवायला गेली. पाणी स्थिर होतं. आणि त्या स्थिर पाण्यावरून, पलीकडच्या काठाला कोणी नसताना, ते नाव आलं. आळवून. एकदा, दोनदा. तिसऱ्याची वाट न बघता ती टोपली तिथेच टाकून पळत सुटली होती.

घरी पाळणा सजला होता. बाया गात होत्या:

नदीच्या ओठी नको रे येऊ बाळा,
आत्याच्या ओठी तुझा राहू दे रे जिव्हाळा…

आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान तिचा. ती पाळण्यावर वाकली. वाकल्यावर रीतीप्रमाणे बायांनी तिच्या पाठीवर धपाधप बुक्के घातले, खिदळल्या, कोणी ताट वाजवलं. त्या गलक्यात तिने काय केलं ते कोणालाच ऐकू गेलं नाही. मग मान वर करून तिने मोठ्याने नाव घेतलं, भाऊ खूश झाला, आणि तिच्या अंगावर हिरवं लुगडं पडलं.

ते लुगडं तिने एकदाच नेसलं. मानाचं लुगडं ट्रंकेत का सडवतेस, म्हणून भावजय मरेपर्यंत बोलली. आत्या हसून घ्यायची. सांगावं असं कितीदा वाटलं. पण लेकराला नावाशिवाय ठेवलं असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या घराने तिला नवरा गेल्यावर परत आणलं, वाढलं, सांभाळलं. आणि तिने त्याच घराच्या वंशाचा कान रिता ठेवला होता.

स्वप्नालीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलला. "हो राजरत्न भाऊ… हो, येतायत… अरे, धीर सोडू नका, मैत्रेयीला बोला, श्वास घे म्हणावं…" फोनमधून बाईचं कण्हणं ओट्यापर्यंत ऐकू आलं. स्वप्नालीने फोन छातीशी धरला.

"जा ना हो," ती एवढंच म्हणाली.

आत्या हरीकडे बघत होती. हा घाबरलाय तोवर घरात आहे. घरात आहे तोवर माझा आहे. सांगितलं तर भीती जाईल, आणि भीती गेली की हा होडी सोडेल. मग पाणी हाक मारणारं असो की साधं पावसाचं, बुडवायला दोन्ही सारखंच. गप्प राहिलं तर खालची पोर मरेल. कदाचित दोन जीव.

हरी उठला. कोपऱ्यातलं वल्हं त्याने घेतलं, हाताने चाचपलं, परत ठेवलं. परत घेतलं.

"आत्ये, माझ्यामागं हिला—"

"गप."

तो ओट्याच्या कडेला आला. पाऊस क्षणभर थांबला, कोणी हात वर करून थांबवावा तसा. खुराड्यातल्या कोंबड्या एकदम चिडीचूप झाल्या.

आणि नदीकडून तिसरी हाक आली.

"हरिचंद्राऽ… येतोस ना रे?"

स्वप्नाली फोनवर नंबर दाबत होती. तिने मान वर केली नाही. हरीने मात्र केली. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला, दमलेल्या लेकराला घर दिसावं तसा, आणि ओठांवर हसू आलं. त्याचं तोंड उघडलं.

"आ—"

आत्याने झेप घेतली. एकसष्ट वर्षांच्या बाईने एवढ्या चपळाईने ओटा ओलांडला की स्वप्नाली किंचाळली. आत्याचा डावा हात हरीच्या तोंडावर घट्ट बसला. उजव्या हाताने तिने त्याचं डोकं खाली ओढलं, पाळण्यावर वाकली होती तितकं जवळ, आणि त्याच्या उजव्या कानाला ओठ लावले.

हरीचं शरीर पाण्याकडे झुकत होतं. तिने सोडलं नाही.

"ओ देऊ नको," ती म्हणाली. "ती बोलावतेय तो तू नव्हंस. कोनीतरी दुसरा आसंल. पोरा, बारशाला तुझ्या कानात मी नुसतं कुर्र केलं. नाव सांगितलंच नाय."