दत्तोबाचा उजवा घोटा

बारामतीच्या मोहनरावांच्या बँडमध्ये महिपती मोठा ढोल वाजवायचा आणि दत्तोबा साइड ड्रम. दोघं कन्हेरीचे, शेजारच्या बांधांवर वाढलेले. छत्तीस साली मोहनरावांनी पुण्याहून एक नवलाची वस्तू आणली, पायानं दाबायची लोखंडी पट्टी. ती दाबली की मोठ्या ढोलावर टोला बसायचा, आणि हात मोकळेच. महिपतीला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण हा गडी मैत्रीपायी आंधळा.

"आदी मला ढोलाचा ठेका शिकव," दत्तोबा म्हणाला, "मग मी तुला साइड ड्रम शिकवतो. आलटून पालटून वाजवू."

दत्तोबाचे हात चपळ, पण पाय हातांचा गुलाम. हात पळाले की पायही पळायचा, हात थांबले की तोही बसकण मारायचा. महिपतीनं लहानपणी मोट हाकलेली. "पाय म्हंजी मोटंचा बैल," तो समजवायचा. "आपुन कसलं बी गानं म्हनू, बैल आपल्या चालीनंच जातो. तू हातानं गा, पायानं चाल."

एवढ्यानं भागेना, तेव्हा तो चक्क जमिनीवर बसला, दत्तोबाचा उजवा घोटा मुठीत धरला आणि ठेक्यावर दाबत राहिला. वर दत्तोबानं मनाला येईल ते वाजवावं, खाली महिपतीनं पायाला भरकटू देऊ नये. पावसाळाभर हेच चाललं. दिवाळीनंतर मूठ सुटली तरी पाय ठेका सोडेना. महिपतीला असा आनंद झाला, जणू स्वतःचं पोर चालायला लागलं.

"आता माजी पाळी," तो म्हणाला.

"व्हय की. लगीनसराई तर हू दे."

पहिलंच लग्न निघालं शेळगावला, महिपतीच्या मेव्हण्याचं. बँडची सुपारी महिपतीनंच आणलेली. नवरा माहेरच्यांपुढं ढोल वाजवणार म्हणून बायकोनं, छबूबाईनं, त्याचा फेटा धुऊन ठेवला होता. ढोलाचा पट्टा खांद्याला अडकवून तो बँडच्या दुकानी गेला, तर मोहनराव बघतच राहिले.

"तुला दत्तोबा बोलला न्हाय? दोगांचं काम त्यो येकटा करतो म्हनला. ढोलाला आता मानूस नगं."

दत्तोबा पट्टीचे स्क्रू आवळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"दत्त्या, खरं हाय ह्ये?"

"पोटापान्याचं हाय, महिपती. मनाला लावून घिऊ नगंस."

मनाला लावून घेऊ नको म्हणे! ज्यानं शिकवलं त्याच्याच पोटावर पाय दिला, वर हे शहाणपण. महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचीच त्याला चीड आली. पण लग्न मेव्हण्याचं, जाणं चुकतंय कुठं? तो पाहुणा होऊन गेला.

वरात निघाली. दत्तोबा बैलगाडीवर बसून वाजवत होता आणि महिपती चाकाशेजारून चालत होता. जो तो विचारी, "जावईबापू, ढोल कुठं तुमचा?" तो नुसता हसून दाखवायचा.

वेशीपाशी क्लॅरिनेटवाला रंगात आला. त्याच्या मागं दत्तोबाचे हात सुटले, आणि हातांमागं पायही सुटला. ठेका फाटला. नाचणारे अडखळले. दत्तोबा घाबरून पायाकडं बघायला लागला.

पडू दे तोंडावर, महिपतीला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि तरी त्याचा हात गाडीत गेला. घोटा मुठीत आला. त्यानं दाबला, पुन्हा दाबला, आणि ठेका जाग्यावर बसला. लोकांनी शिट्या मारल्या, फेटे उडवले.

पाय सावरताच दत्तोबानं तो झटकून सोडवून घेतला. टाच महिपतीच्या बोटांवर बसली. त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही.

"काय गडी हाय!" सासरे कौतुकानं म्हणाले. "दोगांचं काम येकटा करतोय. न्हाय का, जावईबापू?"

"व्हय, मामा," महिपती म्हणाला. बोटं ठणकत होती. त्यानं हात फेट्याच्या शेमल्याआड लपवला, कारण मूठ अजून ठेक्यावर मिटत होती.