डिंपलचं रीडिंग राहिलं

डिंपल कापगतेचं ऐकणं चांगलं होतं, बोलणं चांगलं होतं, लिहिणंही बऱ्यापैकी होतं. घोडं अडत होतं ते वाचण्यावर. आता ज्या पोरीने नर्सिंगची उशीएवढी जाड पुस्तकं वाचून परीक्षा काढल्या, औषधांच्या बाटल्यांवरची मुंगीएवढी अक्षरं जी रोज वाचते, तिने इंग्रजीच्या परीक्षेत नेमक्या वाचनातच गटांगळ्या खाव्यात, याला काय म्हणावं? आणि एकदा नाही, दोनदा. आयर्लंडच्या एका दवाखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण चारही विभागांत सात हवेत अशी अट होती. दोन्ही वेळा बाकी तिन्हींत सात, साडेसात आणि रीडिंगमध्ये साडेसहा. अर्ध्यासाठी हो! नापास व्हायचं तर माणसाने धड नापास तरी व्हावं.

तिसरी परीक्षा ऑक्टोबरात, नागपूरला. ही शेवटचीच म्हणायची, कारण जागा धरून बसायला तो दवाखाना काही तिचा मामा लागत नव्हता. या वेळी जमलं नाही तर आम्ही दुसरी नर्स बघू, असं त्यांनी अगदी गोड इंग्रजीत कळवून टाकलं होतं.

डिंपल गोंदियात एका खासगी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी करायची आणि शेजारच्या कुडव्याला खोली घेऊन राहायची. ड्यूटी सुटली की तशीच स्कूटीवर हेमेंद्र सरांच्या क्लासला. क्लास म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, पंखा चालला तर चालला. सर हुशार, पण तोंडाने फटकळ. निम्मं हिंदीत बोलायचे, निम्मं मराठीत आणि रागावले की शुद्ध इंग्रजीत.

रीडिंगमध्ये प्रश्नांचा एक प्रकार असतो. वर उतारा देतात, खाली विधानं. उतारा तसं म्हणत असेल तर लिहायचं ट्रू. उलट म्हणत असेल तर फॉल्स. आणि उतारा त्याबद्दल काहीच बोलत नसेल तर नॉट गिव्हन, म्हणजे दिलेलंच नाही. सांगायला एका श्वासात सांगून होतं, पण भलेभले इथेच तोंडघशी पडतात.

त्या दिवशी सरावाला उतारा आला तो गावोगावच्या जुन्या तलावांवर. डिंपलची कळी खुलली. खुलणारच! ती कोहळ्याची पोर. कोहळी म्हणजे पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणारी, त्यावर धान पिकवणारी माणसं. केशोरीजवळच्या तिच्या गावचा तलाव तिच्याच घराण्यातल्या कोणा आजोबाने बांधलेला, आणि तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायचा मान आजही तिच्या बाबांचा. खाली विधान होतं की तलावाजवळच्या शेतांना पाणी आधी मिळत असे. डिंपलने पुढचं-मागचं न बघता फॉल्स ठोकून दिलं.

"डिंपल, ये कहाँ लिखा है?" सरांनी विचारलं.

"लिहिलं नाही सर, पण तसंच राहते. आधी सगळ्यात शेवटच्या शेताला पाणी. मग हळूहळू अलीकडे. ज्याच्या हातात तुडुम, त्याचं शेत शेवटी. माझे बाबाच तर सोडतात पाणी."

"पेपर तुझ्या बाबांनी काढला का?"

वर्ग खो खो हसला. डिंपलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पण सर, खरं आहे ते!"

"होगा ना! मी कुठे खोटं म्हणतो? पण विचारलं काय आहे? उताऱ्यात आहे का, इतकंच. लिहिणारा तलावाच्या बांधाच्या मातीबद्दल बोलला, मासळीबद्दल बोलला. पाणी आधी कोणाला, यावर तो गप आहे. आणि तो गप बसला की तू त्याच्या तोंडात आपला घास कोंबते." सर खुर्चीत मागे टेकले. "देख बेटा, तुझी इंग्लिश कच्ची नाही. तू वाचते कमी आणि भरते जास्त."

भरते जास्त! डिंपल रस्ताभर मनातल्या मनात सरांना चार शिव्या देत खोलीवर आली. माहीत असूनही माहीत नाही असं लिहायचं, ही कुठली अक्कल? पण पोर प्रामाणिक होती. चहा ठेवला आणि सरावाचे जुने पेपर काढून बघायला बसली. बघते तर काय, सरांचं म्हणणं पानापानावर खरं. बाळांच्या काविळीवरचा उतारा, तिथे चुकलेली. धानाच्या वाणांवरचा उतारा, तिथेही. आणि ज्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो समुद्राखालच्या ज्वालामुखींवरचा उतारा, त्यात सगळी उत्तरं बरोबर! चहा उतू गेला तरी ती पेपरांकडेच बघत होती.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा आईचा, सुमित्राबाईंचा, फोन आला. पावसाने पाठ फिरवली होती, धान ऐन निसवण्यावर, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होता, आणि गावाने रविवारी तलावाचं पाणी सोडायचं ठरवलं होतं. "येऊन जा एक दिवस. पुढच्या वर्षी कुठं राहशील, काय माहीत," आई म्हणाली आणि फोनवरच रडायला लागली. आईचं असंच. हसली तरी रडायची.

डिंपल गाडीने अर्जुनीला उतरली. स्टेशनबाहेर बाबा, परसराम, मोटरसायकल घेऊन उभे होते. बाबांनी बॅग घेतली, टाकीवर ठेवली, किक मारली. गावापर्यंत एक शब्द नाही. त्यांचं बोलणं मुळातच कमी, आणि आयर्लंडबद्दल तर नाहीच. पण डिंपलला ते कधी खटकलं नव्हतं, कारण बाबांच्या मनात काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच तर तिला नर्सिंगला घातलं. 'परसरामची पोर परदेशात जानार' असं चावडीवर कोणी म्हटलं की ते मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. तो अभिमान नाही तर काय? दोन्ही वेळा नापास झाल्यावर त्यांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "जेवली का?" किती लागलं असेल त्यांना, या विचाराने ती दोन्ही वेळा जेवली नव्हती. हा सगळा खटाटोप बाबांसाठी. त्यांचं नाव व्हावं, त्यांची मान ताठ व्हावी.

रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. आधी बोलला केवळराम, कारण त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला.

"माहा धान मरून राहिला अन् तुम्ही कायले बैठका घेऊन राहिले? सोडा ना पानी!"

मग त्याच्या अलीकडचा बोलला, मग त्याच्या अलीकडचा. भांडणंही झाली, थोडी जुनी, थोडी ताजी. रीतच तशी. पाण्यासारखंच बोलणंही शेवटाकडून सुरू व्हायचं, आणि तुडुमवाल्याने सगळ्यांचं ऐकून झाल्यावर तोंड उघडायचं. त्याने आधीच आपलं मत सांगितलं तर बाकीचे काय कप्पाळ बोलणार? बाबा सगळ्यांत शेवटी म्हणाले, "केवळरामच्या शेताची बांधी भरू द्या, मंग पुढचं पाहू," आणि उठून पाण्याकडे गेले.

पाणी सुटलं. पाट कुठे फुटू नये म्हणून बाबा फावडं घेऊन सोबत चालत होते, आणि मागे डिंपल, सलवार गुडघ्यापर्यंत खोचून. केवळरामच्या शेतापर्यंत पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. बाबा वाकून बांधाला माती लावत होते. डिंपलच्या डोक्यात परीक्षा घोळत होती. एखादा उतारा घ्यावा तसं तिने सहज, गंमत म्हणूनच, आठवून पाहिलं की आयर्लंडबद्दल बाबा आजवर नेमकं काय काय बोलले.

काहीच नाही. एक शब्द नाही. जा नाही, नको जाऊ नाही, बरं नाही, वाईट नाही. जे काही होतं ते सगळं तिने स्वतःच भरलं होतं. डिंपलला आधी हसू आलं आणि मग तिने विचारूनच टाकलं.

"बाबा, मी बाहेरदेशी जावं असं तुम्हाले वाटते ना?"

"नाही," बाबा म्हणाले. फावडं थांबलंही नाही.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पहिल्या दिवसापासूनच नाही वाटत."

घ्या! डिंपल पाटात तशीच उभी राहिली. मग तिचा जो पारा चढला तो चढलाच. "मंग सांगतलं काऊन नाही? दोन वर्सं झाली, मी इथं जीव काढून राहिली! ड्यूटी करा, क्लास करा, नापास व्हा, पुन्हा करा! कोनासाठी? तुमच्यासाठीच ना?"

"माह्यासाठी?" बाबा आता मात्र सरळ उभे राहिले. "मी कवा म्हटलं तसं?"

"नाही म्हटलं. पन नकोही म्हटलं नाही!"

"माहा नंबर शेवटी राहते," बाबा म्हणाले. "तुही माय बोलली. तुहा भाऊ बोलला. हा केवळरामही बोलला, ज्याले कोनी विचारलं नव्हतं. तूच काही बोलली नाही. मले जायचं आहे, असं एका शब्दानं नाही. जिचं जानं आहे ते बोलल्याबिगर मी कसा बोलू? तुले जायचं असन अन् मी आधीच नाही म्हटलं असतं, तर तू गेली असती का?"

नसतीच गेली ती.

"आता बोल," बाबा म्हणाले. "तुले जायचं आहे का?"

किती सोपं होतं! नाही म्हटलं की संपलं. परीक्षा नको, ते मेलं रीडिंग नको. कुडव्याची खोली आहे, नोकरी आहे, आई खूश, बाबा खूश. पण डिंपलने खरंच स्वतःला विचारून पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. तिला वॉर्ड आठवला. अपुऱ्या दिवसांची बाळं, इतकी लहान की तळहातावर मावतील, आणि त्यांच्यामध्ये ती एकटी धावतेय, एकीकडे इंजेक्शन, दुसरीकडे नातेवाइकांची ओरड. जिथे एका नर्सकडे दोनच बाळं देतात तिथे काम कसं करतात, हे तिला बघायचं होतं. करायचं होतं. आणि खरं सांगायचं तर जिथे कोणी तिला परसरामची पोर म्हणून ओळखत नाही, अशा रस्त्याने एकदा चालूनही बघायचं होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तिलाच ते वाईट वाटायचं. बाबांचं नाव पुढे केलं की बरं दिसायचं.

"जायचं आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. मलेच जायचं आहे."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी तो लपवला नाही, की त्यांना लपवता आला नाही, कोण जाणे. डिंपलचं काळीज चरकलं, पण शब्द मागे घ्यावेसे तिला वाटले नाहीत. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग घरी जाऊन अभ्यास कर ना. इथं चिखलात कायले उभी आहेस?"

शनिवारी नागपूरला ती संगणकासमोर बसली. पहिले दोन उतारे सरळ गेले. तिसरा उघडला आणि डिंपलने मनातल्या मनात देवाला हात जोडले. उतारा होता अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी धरून ऊब देण्याबद्दल. हे तर तिचं रोजचं काम! खाली विधान होतं की बापालाही बाळ असं धरता येतं. येतं म्हणजे काय, येतंच. तिने स्वतः कितीतरी लाजऱ्याबुजऱ्या बापांच्या छातीवर बाळं ठेवली होती. माऊस ट्रूवर गेलाही. मग तिने हात उचलून मांडीवर ठेवला आणि उतारा पुन्हा वरून खाली वाचला. त्यात आया होत्या, नर्सा होत्या, डॉक्टर होते. बापाचं नाव कुठेच नव्हतं. जगात असेल, पण इथे नव्हतं. तिने नॉट गिव्हनवर टिचकी मारली आणि पुढे गेली.

निकाल आला तेव्हा ती ड्यूटीवर होती. मोबाइलवर आधी रीडिंगच बघितलं. सात. साडेसात नाही, आठ नाही, काठावरचे सात. बाकी तिन्ही विभाग नेहमीसारखे निघाले होते. तिने सोबतच्या नर्सला "दोन मिनिटं बघ गं" म्हटलं आणि जिन्यात जाऊन घरी फोन लावला. आईने किंचाळून शेजार गोळा केला, रडली, हसली, पुन्हा रडली आणि फोन बाबांच्या हातात दिला.

"झालं म्हनते तुही माय."

"झालं, बाबा. सात मिळाले."

डिंपलने या वेळी विचारून घेतलं.

"बाबा, कसं वाटून राहिलं तुम्हाले?"

"वाईट," बाबा म्हणाले. "लगित वाईट वाटून राहिलं, पोरी." मग त्यांनी घसा खाकरला. "अन् गावात पेढे मी वाटीन. घरोघरी जाऊन मीच वाटीन, दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाही, सांगून ठेवतो."

डिंपल जिन्याच्या पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली.